कॅव्हेट टाकलंय म्हणजे नक्की काय केलंय?

लॅटिनमधला एक शब्द आपल्याकडच्या प्रत्येक शाळकरी पोराला येतो, तो म्हणजे बोनाफाईड. एसटीचा पास काढायचा असो नाहीतर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा असो, क्लार्कच्या खिडकीशी जाऊन "सर, बोनाफाईड पाहिजे" म्हणायचं, शिक्का मारलेला कागद घ्यायचा आणि पळायचं. खऱ्या हेतूने, प्रामाणिकपणे, असा त्याचा साधा अर्थ. हाच शब्द भाडेकरूच्या दाव्यात आला की मात्र घाम फुटतो, कारण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम १६ मध्ये घरमालकाला जागा परत मिळण्याची जी कारणं दिलीत त्यात एक आहे त्याची स्वतःची रास्त आणि बोनाफाईड गरज, आणि ती गरज खरी की भाडेकरूला बाहेर काढायचं निमित्त यावर वर्षानुवर्षं साक्षीपुरावे चालतात. मुलगा पुण्याहून परत येऊन इथे दुकान टाकणार म्हणता, मग त्याने दुकानाची काय तयारी केली, पुण्यातली नोकरी सोडली का, गावात दुसरी रिकामी जागा आहे का, सगळं उलटतपासात निघतं.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करते. पक्षकारांचे रोज व्हॉट्सॲपवर फोटो येतात, तिरके, अर्धा कागद कापलेला, आणि खाली एकच ओळ, "मॅडम हे काय आलंय बघा". बऱ्याच वेळा घाबरण्यासारखं काही नसतं, आणि जिथे खरंच घाबरायला पाहिजे तो कागद लोकांनी टीव्हीच्या मागे खोचून ठेवलेला असतो. माझं म्हणणं असं की कोर्टातल्या या लॅटिन शब्दांचा अर्थ पाठ करून काही उपयोग नाही. हेबियस कॉर्पस म्हणजे काय हे एमपीएससीच्या पोरांना झोपेत विचारलं तरी येतं. आपल्याला कळायला पाहिजे ते हे की हा शब्द आपल्या कागदावर आला तर आपण काय करायचं, आणि किती दिवसात.

तर कॅव्हेट. कालपरवाच एक आबा ऑफिसला आले, बांधाचं भांडण, चुलतभाऊ दावा लावणार अशी कुणकुण लागलेली.

"मॅडम, आमी कॅव्हेट टाकलंय बरं का. आता त्यो कोर्टात जाऊच शकत न्हाई."

"आबा, तो उद्या सकाळी जाऊ शकतो."

"मग पैसं कशाला भरलं आमी?"

त्यांचा प्रश्न बरोबर आहे, कारण गावाकडे कॅव्हेट म्हणजे स्टे असाच समज आहे. तसं काही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १४८अ आहे, १९७६ च्या दुरुस्तीने आलेलं, आणि त्यात तुम्ही कोर्टाला एवढंच सांगून ठेवता की अमक्याने माझ्याविरुद्ध काही अर्ज आणला तर मला कळवल्याशिवाय, माझं ऐकल्याशिवाय आदेश करू नका. बस. दावा लावायला कोणीच अडवत नाही. फक्त तुमच्या पाठीमागे गुपचूप मनाई घेता येत नाही, आणि बांधाच्या भांडणात तेही काही कमी नाही म्हणा. मुदत नव्वद दिवस. एक्क्याण्णवाव्या दिवशी ते कॅव्हेट मेलं, परत नवीन टाकायचं, आणि हे नव्वद दिवस लक्षात ठेवणारा पक्षकार मी अजून बघितलेला नाही. शिवाय कॅव्हेटमध्ये समोरच्याचं नाव, गट नंबर नीट पाहिजे, नाहीतर दावा दाखल होताना कोर्टात कॅव्हेट तपासतात तेव्हा तुमचं सापडायचंच नाही.

आता उलट बाजू. कॅव्हेट टाकणाऱ्याने त्याची नोटीस समोरच्याला रजिस्टर पोस्टाने पाठवायची असते. तो कागद घरी आला की लोक हादरतात, आपल्यावर केस झाली म्हणून. केस झालेली नसते. पण मी असा कागद बघितला की पहिला प्रश्न विचारते, समोरचा काय करायच्या तयारीत आहे? कारण माणूस उगाच कॅव्हेट टाकत नाही. बहुतेक वेळा त्याने विटा, वाळू मागवलेली असते, किंवा खरेदीखताची तारीख ठरलेली असते, आणि तुम्ही कोर्टात धावणार हे त्याला माहीत असतं. म्हणजे खरं तर त्याने तुम्हाला आगाऊ खबर दिलेली आहे.

एक गंमत सांगते. लोक लॅटिनला बिचकतात पण कोर्टातला निम्मा शब्दसंग्रह फारसी-अरबी आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. वकील, दावा, दिवाणी, फौजदारी, फिर्याद, जामीन, कैफियत, तारीख, मुदत, हुकूमनामा, सगळं तिकडचं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले, त्याला साडेतीनशे वर्षं होत आली आणि आमच्या कोर्टात अजून पुरसिस चालते. पुरसिस म्हणजे कोर्टाला एखादी गोष्ट लेखी कळवायचा छोटा कागद, "मला आणखी साक्षीदार तपासायचे नाहीत" एवढ्या एका ओळीची सुद्धा असते. त्यात इंग्रजीची भर वेगळीच. अर्जावर समोरच्याचं उत्तर मागवतात त्याला आम्ही 'से' म्हणतो, म्हणजे इंग्रजीतला सांगणे या अर्थाचा तोच से, आणि पक्षकाराला वाटतं काहीतरी अवघड लॅटिन असणार.

ऑनलाइन आपली केस बघणाऱ्यांनी रोजनामा, म्हणजे त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचायची सवय लावा. एक नमुना बघा: "वादी व त्यांचे वकील हजर. प्रतिवादी क्र. १ तर्फे वकीलपत्र दाखल. प्र. क्र. २ गैरहजर. नि. ५ वर सेकामी." यात नि. म्हणजे निशाणी, कोर्टाच्या फाईलमधल्या कागदाचा नंबर, आणि नि. ५ म्हणजे आपल्याकडे जवळजवळ नेहमी तात्पुरत्या मनाईचा अर्ज. वकिलाला "नि. ५ चं काय झालं" एवढं विचारलंत तरी तो खुर्चीत सरळ बसतो. सेकामी म्हणजे पुढच्या तारखेला समोरच्याने उत्तर द्यायचंय.

हा नि. ५ म्हणजे दिवाणी दाव्यातली खरी लढाई, दावा पुढे किती का वर्षं चालेना. तिथे प्रायमा फेसी हा शब्द येतो, प्रथमदर्शनी, वरवर बघता तुमच्या म्हणण्यात दम आहे का, मग सोयीचा समतोल कुणाकडे, म्हणजे कुणाची गैरसोय जास्त, आणि मनाई नाही दिली तर भरून न येणारं नुकसान होईल का. समोरचा यायच्या आधी दोन-चार आठवड्यांसाठी मिळतो तो ॲड इंटेरिम आदेश, दोघांचं ऐकून दावा संपेपर्यंत मिळतो तो इंटेरिम. पक्षकार पहिल्या आदेशावरच पेढे वाटतो.

आणि मग स्टेटस को. आपल्या पेपरवाल्यांनी याला फार झकास मराठी दिलंय, जैसे थे. ऐकायला छान, पण माझा या आदेशावर थोडा राग आहे. कोर्ट म्हणतं दोन्ही पक्षकारांनी जैसे थे परिस्थिती ठेवावी. ठीक. पण जैसे म्हणजे कैसे? जमीन कुणाच्या ताब्यात आहे हेच तर भांडण आहे. वादी आदेशाची झेरॉक्स घेऊन गावात सांगतो मला स्टे मिळाला, प्रतिवादी तीच झेरॉक्स घेऊन सांगतो मला मिळाला, आणि पेरणीच्या दिवशी दोघंही ट्रॅक्टर घेऊन त्याच वावरात. पोलिसांना बोलावलं तर ते आदेश वाचतात, दोनदा वाचतात, आणि म्हणतात कोर्टातनं स्पष्ट करून आणा. म्हणून जैसे थे मिळत असेल तर त्याच वेळी ताबा कुणाचा, पीक कुणाचं उभंय, बांधकाम कुठपर्यंत आलंय हे आदेशात यावं असा आग्रह धरायचा, नाहीतर कोर्ट कमिशनर नेमून घ्यायचा, तो जागेवर जाऊन पाहणी करून अहवाल देतो. याला जास्त खर्च येतो असं पक्षकार म्हणतात. पुढच्या मारामारीच्या केसपेक्षा कमी येतो.

एक्स पार्टे, म्हणजे एकतर्फा, हा टीव्हीमागच्या लखोट्यांचा मुद्दा. समन्स आलं की आपल्याकडे एक रामबाण उपाय सांगतात, घेऊच नका. बेलिफ आला की घरात कुणी नाही, पोस्टमन आला की "ते मुंबईला असतात". पण पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा आला की कोर्ट ते मिळालं असंच धरू शकतं. मग तुमच्याशिवाय दावा चालतो, एकतर्फा हुकूमनामा होतो, आणि तुम्हाला कळतं ते थेट दरखास्तीची नोटीस आल्यावर, म्हणजे अंमलबजावणी सुरू झाल्यावर. तेव्हाही रस्ता आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल १३ खाली अर्ज करून हुकूमनामा रद्द करून मागता येतो, पण त्याला मुदत ३० दिवसांची, आणि समन्स नीट बजावलंच नव्हतं असं असेल तर तुम्हाला कळल्यापासून ३० दिवस. आता ज्याने लखोटा परत पाठवलाय त्याने समन्स मिळालं नाही हे कोर्टाला कुठल्या तोंडाने सांगायचं? घ्या ना तो कागद. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायलाच ३० दिवस असतात, कारण दाखवलं तर ९० पर्यंत वाढवून मिळू शकतात.

जमीन घेणाऱ्यांनी एक लॅटिन शब्द मात्र खरंच कोरून ठेवावा, लिस पेंडन्स. दावा चालू असताना त्या मिळकतीची खरेदी-विक्री झाली तर घेणारा त्या दाव्याच्या निकालाला बांधलेला राहतो, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५२. खरेदीखत रद्दबातल होत नाही हं, तो एक गैरसमज. खरेदी होते, पण विकणारा हरला की तुम्हीही हरलात, तुम्ही दाव्यात पक्षकार नव्हता तरी. "आम्हाला दाव्याचं माहीतच नव्हतं" हे इथे एरवी चालत नाही. पण आपल्या मुंबई इलाख्यात १९३९ साली या कलमात दुरुस्ती झाली आणि ती लागू आहे तिथे दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असायला लागते, तरच कलम ५२ चा फायदा. म्हणून आपल्याकडचे वकील दावा लावला की लगेच "लिस पेंडन्स करून घ्या" म्हणतात, तो आणखी पैसे काढायचा धंदा नाही, ते नोंदवलं नाही आणि भावाने जमीन विकली तर मग बसा.

घेणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर नुसता सातबारा कोरा दिसला म्हणून उड्या मारू नका, दावा चालू असला तरी सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही. नोंदणी विभागाच्या साईटवर गट नंबर टाकून वर्षावर्षाचा सर्च घ्या, इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, बघा, आणि ई-कोर्ट्सवर विकणाऱ्याच्या नावाने शोधा, त्याच्या बापाच्या आणि भावांच्या नावाने पण. पेपरात जी जाहीर नोटीस देतात, "आमचे अशील सदर मिळकत विकत घेत आहेत, कुणाची हरकत असल्यास...", ती द्याच.

रेस ज्युडिकाटा थोडक्यात. ज्या मुद्द्यावर त्याच लोकांमध्ये कोर्टाने एकदा शेवटचा निकाल दिला तो परत उकरता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११. यातली खोच अशी की जो मुद्दा तुम्ही तेव्हा मांडू शकत होता आणि मांडायला हवा होता पण मांडला नाही, तोही मांडला होता आणि गेला असंच धरतात. त्यामुळे "ते मृत्युपत्र आता सापडलं" असं सांगत परत दावा लावणाऱ्यांची तिथेच अडचण होते. आणि त्याच मुद्द्यावरचा पहिला दावा अजून चालू असेल तर दुसरा थांबवून ठेवतात, त्याच संहितेचं कलम १०.

तालुक्यात हेबियस कॉर्पसचं काम येत नाही, ते हायकोर्टाचं. पण लोक विचारतात, मुलगी निघून गेली की बाप येतो आणि म्हणतो "हेबियस टाकू". अटकेत किंवा डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असा हा आदेश. मुलगी सज्ञान असेल आणि न्यायाधीशांपुढे म्हणाली मी माझ्या मनाने गेले, तर याचिका तिथेच संपते, बापाला हे आधीच सांगितलेलं बरं. ज्यांना वाटतं हे असले जुने शब्द काय कामाचे त्यांनी २८ एप्रिल १९७६ चा एडीएम जबलपूरचा निकाल आठवावा. आणीबाणीत सरकारने उचलून नेलेल्या माणसाला हेबियस कॉर्पससुद्धा मागता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक ठरवलं. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात, आणि पुढे त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. त्या चारांत आपल्या पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी निकालात तो निर्णय चुकीचा म्हणून बाजूला काढला गेला, आणि तसं लिहिणारे न्यायमूर्ती त्यांचेच चिरंजीव, धनंजय चंद्रचूड.

बाकीचे पटापट. सुओ मोटू, ज्याला सगळे सुमोटो म्हणतात, म्हणजे कोर्टाने स्वतःहून घेतलेली दखल. अमिकस क्युरी, कोर्टाला मदत करायला नेमलेला वकील, कसाबच्या सुप्रीम कोर्टातल्या अपिलात राजू रामचंद्रन होते. त्यांना लोकांनी शिव्या घातल्या, पण आरोपीची बाजू कुणी मांडलीच नाही तर फाशीचा निकाल टिकणार कसा? निकालाच्या डोक्यावर 'कोरम' लिहिलेलं असतं त्याचा सभेच्या गणसंख्येशी संबंध नाही, ते कोणापुढे केस चालली ते, पुढे न्यायाधीशांची नावं. ॲलिबाय म्हणजे मी तेव्हा तिथे नव्हतोच, दुसरीकडे होतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात याचं उदाहरण होतं, गुन्हा कलकत्त्यात आणि आरोपी त्या दिवशी लाहोरला. नवीन साक्ष अधिनियम आला तेव्हा गुन्हा चेन्नईला नेला आणि आरोपीला लडाखला. लाहोर गेलं, ॲलिबाय राहिला.

इंग्लंडने स्वतःच्या दिवाणी कोर्टातून १९९९ मध्ये यातलं बरंच काढून टाकलं, एक्स पार्टेला सरळ 'नोटीस न देता' म्हणायला लागले, इन कॅमेराला 'खाजगीत'. आपण मात्र त्यांचा वारसा छातीशी धरून बसलोय. खालच्या कोर्टांची भाषा मराठी असं १९९८ मध्ये सरकारने जाहीर केलं तरी हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत, त्यामुळे आमचा युक्तिवाद मराठीत सुरू होतो आणि दाखले द्यायची वेळ आली की इंग्रजी-लॅटिनची खिचडी. गोव्यात तर आणखी वेगळं. म्हापशाला प्रॅक्टिस करणारी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे वाटणीसाठी दावा नाही, इन्व्हेंटरी लावतात, पोर्तुगीज नागरी कायद्यापासूनची पद्धत, आणि घर विकायचं तर नवऱ्याबरोबर बायकोची सही लागतेच. इथे सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचं म्हटलं तरी घरात तीन दिवस अबोला असतो.

सध्या लॅटिनपेक्षा जास्त गोंधळ आकड्यांचा आहे. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे लागू झाले. खुनाचं ३०२ आता न्याय संहितेत १०३ झालं, चारसोबीस ३१८ झालं, आता फसवणाऱ्याला काय तीनशेअठरा म्हणायचं? सगळ्यात मजा १४४ ची. जमावबंदी म्हणजे १४४ हे डोक्यात पक्कं बसलेलं, ती आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ आहे, आणि त्याच संहितेचं १४४ म्हणजे बायको-मुलांची, आईवडिलांची पोटगी, जी आधी १२५ होती. परवा एक ताई आल्या, पोटगीचा अर्ज करायचाय, मी म्हटलं १४४ खाली करू, तर त्या म्हणाल्या "अहो मॅडम, जमाव कुठंय, आम्ही दोघंच भांडतोय". पोटगीचा नवीन अर्ज असेल तर १४४ च लिहायचं. मारामारी, फसवणूक असल्या गुन्ह्यांना मात्र घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या आयपीसीचंच कलम लागतं, एफआयआर नंतर नोंदली तरी, त्यामुळे फिर्यादीत घटनेची तारीख नीट घाला.